संस्थेच्या मूल्यांचा कामाशी हिशेब कसा लावावा

एखाद्या सेवाभावी संस्थेचं मूल्यमापन करायचं काम हाती आलं की मूल्यांचं पान मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी मागते ती इतिवृत्ताची वही, मग मागच्या दोन-तीन वर्षांची अंदाजपत्रकं, आणि मग सोडून गेलेल्यांचे राजीनामे. कार्यकारी मंडळाला हे जरा विचित्र वाटतं. त्यांनी माझ्यासाठी छापील पुस्तिका काढून ठेवलेली असते आणि तिच्यात पारदर्शकता, समता, करुणा, उत्कृष्टता असे चार शब्द चार रंगांत झळकत असतात. हे शब्द खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्यावरून संस्था कशी चालते ते कळत नाही, कारण जोमात चाललेल्या संस्थेच्या पुस्तिकेतही हेच शब्द असतात आणि बुडत चाललेल्या संस्थेच्या पुस्तिकेतही हेच.

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची चार मूल्यं होती: आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. हिशेबातले घोटाळे उघडकीला आल्यावर डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हाही कागदावर ती चारच होती. ती नफ्यासाठी चालणारी कंपनी, हे खरं. पण सेवाभावी क्षेत्रात हा धोका कमी नाही, उलट जास्तच आहे. काम मुळात चांगलं, मग करणारेही चांगलेच, असं सगळे धरून चालतात आणि तपासायचं राहून जातं.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा: मूल्यं जपली तर कामगिरी सुधारते का? माझ्या अनुभवातलं उत्तर असं, की ज्या मूल्यासाठी संस्थेने कधी काही सोडलं, कधी काही सोसलं, त्याच मूल्याचा कामावर परिणाम होतो. तो चांगला असेल किंवा वाईटही असेल. बाकीची मूल्यं पुस्तिकेत सुखाने नांदतात. म्हणून नातं तपासायचं तर आधी किंमत कुठे मोजली गेली ते शोधायचं. कसं, ते खाली सांगते.

वहीपासून सुरुवात

दोन माणसं निवडा, एक जुनं आणि एक वर्षभरात आलेलं. जुन्या माणसाला संदर्भ माहीत असतात, नव्याला अजून सवय झालेली नसते, दोन्ही लागतं. त्यांच्यासमोर दोन वर्षांची इतिवृत्तं ठेवा आणि एवढंच सांगा: ज्या ज्या निर्णयात संस्थेने काहीतरी गमावलं त्यावर खूण करा. नाकारलेली देणगी, पुढे ढकललेला कार्यक्रम, कमी केलेला लोकप्रिय कर्मचारी, नाराज झालेला विश्वस्त, उशिरा गेलेला अहवाल. प्रत्येक खुणेसमोर एका ओळीत लिहायचं, हे कशासाठी सोसलं. पुस्तिकेतले शब्द वापरायचे नाहीत. ही अट फार महत्त्वाची. ती घातली नाही तर सगळ्या रकान्यांत 'पारदर्शकता' भरून मिळते.

मग उलट बाजूने वाचायचं. जिथे काही सोसता आलं असतं आणि सोसलं नाही, ते निर्णय. ठरलेल्या गावांऐवजी रस्त्यालगतची गावं घेतली, कारण पाहुण्यांना दाखवायला सोयीची. लाभार्थ्यांची बैठक रद्द झाली, कारण लेखापरीक्षण आलं. प्रत्येक निर्णयाला तेव्हा चांगलं कारण असतंच. दहा चांगली कारणं एकाखाली एक लिहिली की मात्र त्यांची दिशा दिसते.

हे काम संचालकाच्या मुलाखतीने होत नाही. ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी 1974 मध्येच हा भेद मांडला होता: आपण कशाला धरून वागतो म्हणून माणूस सांगतो ती एक गोष्ट, आणि त्याच्या वागण्यातून जे तत्त्व निघतं ती दुसरी. दोन्हींतलं अंतर बहुतेक वेळा त्याचं त्यालाच दिसत नाही. यात ढोंग असायलाच हवं असं नाही. म्हणूनच 'तुमची मूल्यं कोणती' हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही.

वहीतून जे बाहेर येतं त्यात दोन गोष्टी वारंवार भेटतात. एक म्हणजे 'देणगीदार दुखावला जाऊ नये' हे न लिहिलेलं मूल्य. ते इतकं पक्कं असतं की कोणी त्याला मूल्य म्हणतही नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड, कारण ती मनापासून चांगली असते: 'दारात आलेल्या कोणालाही परत पाठवायचं नाही.' ऐकायला किती छान. पण याच वाक्यापायी समुपदेशक दमतात, नोंदी अर्धवट राहतात, पाठपुरावा सुटतो आणि दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा कमी वेळ मिळतो. कामगिरी का घसरली याचं कारण निधीत शोधणाऱ्या किती तरी संस्थांना ते इथे सापडतं. मूल्य चांगलं असलं म्हणजे त्याचा परिणाम चांगलाच होईल, असा काही नियम नाही.

किंमत मोजणं उघड्यावर कसं दिसतं, याचं एक ठळक उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर जगभरातून मदतीचा ओघ सुरू असताना 'मेदसां सां फ्राँतिएर', म्हणजे सीमारहित डॉक्टरांच्या संस्थेने, जानेवारी 2005 च्या सुरुवातीलाच जाहीर केलं की त्सुनामीसाठी आता आणखी पैसे नकोत, आमच्या कामापुरते जमले. ज्यांनी आधीच दिले होते त्यांना विचारलं, तुमचे पैसे दुसऱ्या संकटात वापरले तर चालतील का? येणारा पैसा थांबवणं हा निर्णय इतिवृत्तात लाल शाईने लिहिण्यासारखा आहे. 'देणगीदाराशी प्रामाणिक राहू' असं छापणं सोपं. देणाऱ्याचा हात मध्येच धरून 'पुरे' म्हणणं वेगळं.

कामगिरी म्हणजे नेमकं काय, हे कागदावर आणा

कंपनीला निदान नफ्याचा आकडा असतो. सेवाभावी संस्थेला तसा एकच आकडा नसतो. रॉबर्ट हर्मन आणि डेव्हिड रेंझ या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेला मुद्दा मला रोज उपयोगी पडतो: संस्था परिणामकारक आहे की नाही हे तिच्याशी संबंधित वेगवेगळे गट वेगवेगळं ठरवतात, आणि त्यांचं एकमत होईलच असं नाही.

म्हणून चार जणांना एकच प्रश्न विचारा: यंदा काम चांगलं झालं हे तुम्ही कशावरून ओळखाल? ज्याच्यासाठी काम चालतं तो, जो पैसे देतो तो, जो काम करतो तो आणि विश्वस्त. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. 'मला परत परत यावं लागलं नाही' हे उत्तर 'सेवा-वितरणाची कार्यक्षमता' या शब्दांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण ते मोजता येतं.

फक्त एक गोष्ट कामगिरी म्हणून धरू नका: प्रशासकीय खर्चाची टक्केवारी. ती कमी असणं म्हणजे कार्यक्षमता, असा समज इतका पसरला होता की 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की एवढ्या एका आकड्यावरून संस्थेची किंमत करू नका. गंमत म्हणजे या तिघींचं कामच देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवण्याचं.

मूल्य कामापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण 'मूल्यांमुळे प्रेरणा मिळते' एवढं म्हणून बहुतेक जण पुढे सरकतात. प्रेरणा ही एक वाट झाली, आणि ती वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांचा 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपल्या क्षेत्राच्या अगदी जवळचा आहे. इस्राएलमधल्या 180 शाळकरी मुलांना घरोघर जाऊन देणग्या गोळा करायच्या होत्या. एका गटाला फक्त कामाचं महत्त्व समजावून सांगितलं. दुसऱ्याला त्यावर जमलेल्या रकमेच्या 1 टक्का मोबदला कबूल केला, तिसऱ्याला 10 टक्के. मोबदला देणग्यांतून कापला जाणार नव्हता, प्रयोग करणारेच देणार होते. सगळ्यात जास्त पैसे जमवले ते काहीच न मिळणाऱ्या गटाने. सगळ्यात कमी, 1 टक्का वाल्यांनी.

यावरून 'कार्यकर्त्यांना पगार कमी द्यावा' असा अर्थ काढणारे संचालक मला भेटले आहेत. तसा अर्थ त्यातून निघत नाही. पगार ही वेगळी गोष्ट. ती पोटाची आहे आणि ती नीटच द्यायला हवी. प्रयोगातून दिसतं ते एवढंच, की जे काम माणूस त्याच्या अर्थासाठी करत होता त्याच्यावर चिल्लर बक्षिसाची चिठ्ठी लावली की कामाकडे बघायची त्याची नजर बदलते. 'महिन्याचा उत्तम कार्यकर्ता' असली योजना सुरू करण्याआधी हे डोक्यात असू द्या.

दुसरी वाट विश्वासाची. ती बांधली जाताना दिसत नाही, तुटताना लख्ख दिसते. हैतीच्या भूकंपानंतर तिथे काम करणाऱ्या ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी केलेलं लैंगिक शोषण फेब्रुवारी 2018 मध्ये वर्तमानपत्रांतून उघड झालं. प्रकार 2011 मधला होता. बातमी आल्यानंतरच्या थोड्याच दिवसांत सुमारे 7,000 नियमित देणगीदारांनी देणगी बंद केली, असं ब्रिटनमधल्या शाखेच्या प्रमुखांनी तिथल्या संसदीय समितीला सांगितलं. जून 2019 मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने संस्थेला अधिकृत ताकीद दिली. त्या संस्थेला लेखी मूल्यांची वाण नव्हती. गैरवर्तन कळल्यावर काय करायचं, कोणी कोणाला सांगायचं, आणि ते लोकांपुढे किती ठेवायचं, या वेळी मूल्यं कामाला आली नाहीत.

तिसरी वाट प्रवेशाची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. रेड क्रॉसची सात मूलभूत तत्त्वं 1965 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत जाहीर झाली. त्यातलं तटस्थतेचं तत्त्व पुष्कळांना कोरडं वाटतं. पण आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती युद्धकैद्यांना भेटू शकते, दोन्ही बाजूंच्या तुरुंगांत जाऊ शकते, ती त्याच्याच जोरावर. तिथे काय दिसलं ते ती बाहेर बोलत नाही, संबंधित सरकारला सांगते. हे मूल्य काढून घेतलं तर काम कमी दर्जाचं होईल असं नाही. काम होणारच नाही. तुमच्या संस्थेत असं एखादं मूल्य आहे का, की ज्याच्यावाचून दारच उघडणार नाही? असेल तर यादीत ते पहिलं.

एक मूल्य घ्या आणि शेवटपर्यंत न्या

आता मुख्य काम. सगळी मूल्यं एकदम घेऊ नका, एक घ्या. मी समजा 'सन्मान' घेते आणि एका मोफत कायदेविषयक सल्ला केंद्रात जाऊन बसते.

माणूस आत येतो, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. टेबलावरची ताई विचारते, "काय काम होतं?" तो सांगतो: भावाने जमीन परस्पर नावावर करून घेतली. ती नाव लिहून बसायला सांगते. तासाभराने एक स्वयंसेवक येतो, "बोला, काय झालं?" पुन्हा पहिल्यापासून. या वेळी थोडं कमी सांगतो, कारण शेजारी माणसं बसली आहेत. शेवटी वकिलाच्या खोलीत, वकील कागद चाळता चाळता, "हं, सांगा." तिसऱ्यांदा. आता तो अगदी थोडक्यात सांगतो, आणि पहिल्यांदा जो मुद्दा सहज बोलून गेला होता, की वडिलांनी मरणाआधी एका कागदावर अंगठा दिला होता, तो राहून जातो.

तिघांपैकी कोणीही उद्धट नव्हतं. भिंतीवर सन्मान आहे, टेबलावर सौजन्य आहे. तरीही माणसाला आपलं दुखणं तीनदा उघडं करावं लागलं आणि खटल्याला लागणारी माहिती तीन टप्प्यांत झिरपून गेली.

मग 'सन्मान' याचं या केंद्रापुरतं रूप असं लिहिता येतं: 'आलेल्या माणसाला आपली गोष्ट एकदाच सांगावी लागेल.' हे वाक्य तपासता येतं. पाळलं गेलं की नाही हे तिऱ्हाईतालाही कळेल. त्यासाठी काय लागेल? आडोशाची एक जागा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नीट टिपण घ्यायचं प्रशिक्षण. आणि वकिलाने माणसाला आत बोलावण्याआधी ते टिपण वाचायचं. यातली शेवटची गोष्ट महाग आहे. वकिलाचा वेळ जाईल, दिवसाला होणाऱ्या भेटी कमी होतील आणि वार्षिक अहवालातला 'एकूण लाभार्थी' हा आकडा खाली येईल. सन्मान या संस्थेला खरोखर हवा आहे का, ते इथे कळतं. मंडळासमोर दोन्ही आकडे ठेवून ठराव करून घ्या. ठराव झाला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

ठराव झाला, आता साखळी लिहा. गोष्ट एकदाच सांगितली, म्हणून पूर्ण सांगितली. म्हणून वकिलाला कोणते कागद कमी आहेत ते पहिल्याच भेटीत कळलं. म्हणून माणूस दुसऱ्या भेटीला योग्य कागद घेऊन आला. म्हणून प्रकरण दाखल झालं. प्रत्येक 'म्हणून'पाशी एक सोपी नोंद ठेवा. दुसऱ्या भेटीला किती जण आले. त्यातल्या कितींजवळ कागद पुरे होते. कितींची प्रकरणं दाखल झाली. बदलाच्या आधीच्या सहा महिन्यांचे हेच आकडे जुन्या रजिस्टरमधून काढा. बदल कोणत्या तारखेला लागू झाला ती तारीख लिहून ठेवा; वर्षभराने कोणालाच आठवत नाही.

आकडे सुधारले तर चांगलंच. सुधारले नाहीत तर साखळी कुठे तुटली ते दिसेल. कागद पुरे येऊ लागले पण दुसऱ्या भेटीला लोक येतच नसतील, तर अडचण केंद्राच्या वेळेची असेल. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत मजुरी बुडवून कोण येणार? म्हणजे सन्मानाचं पुढचं वाक्य तुम्हाला मिळालं. आणि काहीच बदललं नाही, पण लोक म्हणाले की आता इथे बरं वाटतं, तर तेही लिहा. फक्त त्याला कामगिरी म्हणायचं की नाही, हे मघाच्या चार जणांच्या उत्तरांवरून ठरवा. मला स्वतःला वाटतं, म्हणावं. माणसाला नीट वागवणं हा केवळ दुसऱ्या कशापर्यंत पोहोचायचा रस्ता आहे असं मानणाऱ्या अहवालांचा मला कंटाळा येतो.

मूल्यं आपसात भांडतात, त्यांना भांडू द्या

शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये माणसांच्या मूल्यांचे दहा प्रकार एका वर्तुळात मांडले. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरची एकमेकांना ओढतात. संस्थेच्या पुस्तिकेत मात्र सगळी मूल्यं एका रांगेत शिस्तीत उभी असतात, जणू कधी त्यांची गाठच पडणार नाही.

गाठ पडते. तातडी आणि सहभाग: पूर आला आहे, गावाची बैठक घेऊन ठरवायचं की ट्रक सोडायचा? गोपनीयता आणि पारदर्शकता: पीडितेच्या प्रकरणाची माहिती देणगीदार मागतो आहे. गुणवत्ता आणि समता: चांगलं शिकवणारा शिक्षक सगळ्यात दूरच्या केंद्रावर जायला तयार नाही. अशा जोड्या कार्डांवर लिहा, आणि प्रत्येक कार्डामागे तुमच्याच संस्थेत घडलेला एक प्रसंग. मग लोकांना गटात बसवून वाद घालू द्या. शेवटी प्रत्येक जोडीचं एकच वाक्य काढायचं: 'जेव्हा असं असेल तेव्हा हे आधी.' उदाहरणार्थ, 'जिवाला धोका असेल तेव्हा तातडी आधी, बाकी वेळी बैठक झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही.' असं वाक्य हाताशी असलं की दूरच्या केंद्रावरचा कार्यकर्ता मुख्य कार्यालयाला फोन न करता निर्णय घेऊ शकतो. मूल्यांचा वेगाशी संबंध येतो तो इथे.

कोणतं आधी, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नसतं. सीमारहित डॉक्टरांची संस्था 1971 मध्ये स्थापन झाली. डोळ्यांदेखत अन्याय घडत असेल तर त्याबद्दल जाहीर बोलायचं, हे तिचं मूल्य. रेड क्रॉस समितीच्या मौनाच्या अगदी उलट. त्याची किंमत तिने मोजली: इथिओपियात सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध बोलल्यावर 1985 मध्ये तिच्या फ्रेंच शाखेला देशाबाहेर काढलं गेलं, म्हणजे तिथल्या रुग्णांपर्यंत पोहोचणंच बंद झालं. तुरुंगाच्या आत शिरायचं असेल तर मौन लागतं, जगाला जागं करायचं असेल तर आवाज. दोन्ही संस्थांना शांततेचं नोबेल मिळालेलं आहे. एकाच क्षेत्रात, एकाच युद्धात, दोन उलट मूल्यं आणि दोन्हींचं काम खणखणीत. 'उत्तम संस्थांची मूल्यं' अशी यादी शोधून तिची नक्कल करणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगते.

मोजताना कुठे फसायला होतं

सगळ्यात प्रचलित पद्धत म्हणजे कर्मचाऱ्यांना प्रश्नावली देणं: 'आमची संस्था मूल्यांप्रमाणे चालते, 1 ते 5 मध्ये गुण द्या.' मग हे गुण आणि कामाचे गुण एकाच प्रश्नावलीत, एकाच माणसाकडून, एकाच दुपारी भरून घ्यायचे आणि म्हणायचं, पाहा, दोन्ही बरोबर वाढतात! एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये याच फसगतीवर बोट ठेवलं होतं. लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसाला एका बाबतीत चांगले गुण देत तेव्हा बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा बाकीच्या बाबतींतही चांगलेच देत. एकूण मत चांगलं, की सगळं चांगलं. संस्थेचंही तसंच. निधी भरपूर आला त्या वर्षी सगळ्यांना आपली मूल्यं फार पक्की वाटतात. प्रकल्प बंद पडला की त्याच मूल्यांत खोट दिसू लागते.

म्हणून वागणुकीची नोंद आधी घ्या, कामाचे आकडे नंतर घ्या, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडून. मूल्य पाळलं जातं का हे ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांना विचारा. काम झालं का हे रजिस्टरमध्ये पाहा. एवढं केलं तरी 'मूल्यांमुळेच झालं' हे सिद्ध होत नाही. फक्त आपल्या अंदाजाला थोडा आधार मिळतो. अहवालात तेवढंच लिहा.

दुसरी फसगत याच्या उलटी. मूल्याचा आकडा केला आणि तो उद्दिष्ट म्हणून टांगला की लोक आकडा सांभाळू लागतात. चार्ल्स गुडहार्ट हे अर्थतज्ज्ञ. त्यांनी 1975 मध्ये पतधोरणाबद्दल मांडलेला हा मुद्दा आता सगळीकडे लागू केला जातो. 'सहभाग' म्हणजे बैठकीतल्या महिलांची संख्या असं ठरलं की सह्यांच्या कागदावर महिला वाढतात. बोलतात तेच पाच जण. मी तिथे संख्येबरोबर आणखी एक गोष्ट विचारते: मागच्या बैठकीत आधी ठरवून आणलेला कोणता बेत तुमच्या म्हणण्यामुळे बदलला? एकही नाही, असं उत्तर वर्षभर येत राहिलं तर सह्या कितीही असोत.

चुका मान्य करण्याबद्दल सगळ्याच पुस्तिकांत लिहिलेलं असतं. कॅनडाच्या 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने 2008 पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवालच छापायला घेतला. तुम्ही लगेच छापू नका. पण अंतर्गत बैठकीत फसलेलं एक काम सांगणं हा कायमचा विषय ठेवा, आणि सुरुवात संचालकाने करावी. प्रकल्प समन्वयकाने आधी सांगायचं ठरवलंत तर तो कधीच काही सांगणार नाही, सांगू नये असंच मी त्याला सांगेन.

भरती, पैसा, निरोप

भरतीबद्दल थोडक्यात. चार्ल्स ओ'रायली, जेनिफर चॅटमन आणि डेव्हिड कॉल्डवेल या संशोधकांनी 1991 मध्ये 54 मूल्यविधानांची पद्धत वापरली होती. माणूस आपल्या पसंतीप्रमाणे ती विधानं लावतो, संस्थेचीही तशीच मांडणी केली जाते आणि दोन्ही ताडून पाहतात. जुळणी चांगली असेल तर समाधान आणि बांधिलकी जास्त, आणि माणूस टिकण्याची शक्यताही जास्त, असं त्यांना दिसलं. तुम्हाला 54 लागणार नाहीत. वर काढलेल्या जोड्यांपैकी एक प्रसंग उमेदवारापुढे ठेवा आणि काय कराल ते विचारा. पण सांभाळून: 'आपल्या मूल्यांचा माणूस' शोधता शोधता आपल्या ओळखीचा, आपल्यासारखं बोलणारा माणूस निवडला जातो. पॅनेलवर एक बाहेरचा सदस्य घ्या.

अंदाजपत्रकासाठी माझी एकच कसोटी आहे. प्रत्येक मूल्यासमोर अंदाजपत्रकातली ओळ दाखवा. 'दिव्यांगांचा सहभाग' असेल तर उतरणीचा रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा प्रवासभत्ता यांपैकी काहीतरी कुठेतरी दिसलं पाहिजे. ओळ नसेल तर ते मूल्य पुढच्या वर्षापर्यंत पुस्तिकेतून काढा. मिळणाऱ्या पैशाचंही तेच. सीमारहित डॉक्टरांनी जून 2016 मध्ये युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांचा निधी घेणं थांबवलं, कारण निर्वासितांना रोखण्याचं त्यांचं धोरण संस्थेला मान्य नव्हतं. सगळ्यांना हे परवडणार नाही. पण कोणाचे पैसे आपण घेणार नाही याची दोन ओळींची यादी चेक समोर येण्याआधी करून ठेवता येते. चेक आल्यावर ती होत नाही.

सोडून जाणाऱ्यांशी बोला, मात्र शेवटच्या दिवशी नको. अनुभवाचा दाखला हातात पडून दोन-तीन महिने झाल्यावर, आणि ज्याच्या हाताखाली ते काम करत होते त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी. 'इथे असताना आपण बोलतो एक आणि करतो एक असं कधी वाटलं?' एवढा एक प्रश्न पुरतो.

ज्यांच्याकडे तीन कर्मचारी आणि एक लॅपटॉप आहे त्यांनी यातलं बहुतेक सोडून द्यावं. एक संध्याकाळ काढून इतिवृत्तावर खुणा करा, एका मूल्याची साखळी लिहा, रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा. मंडळाच्या दर तिमाही बैठकीत एक विषय ठेवा: या तीन महिन्यांत कोणत्या मूल्यापायी आपण काय सोडलं. ज्या मूल्यासमोर ओळीने चार बैठका काहीच लिहिलं गेलं नाही, ते काढून टाकायचा ठराव मांडा. ठरावाला कोणी विरोध केला तर त्यालाच विचारा, मग पुढच्या तिमाहीत त्यासाठी काय सोडायचं, आणि तो जे सांगेल ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.